बास्केटबॉलमधला शेवटचा वडा

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात या पानांवर दर वर्षी कुणीतरी निवृत्त माणूस लिहितो. गेल्या वर्षी भूल देणारे डॉक्टर काका होते. त्यांनी लोकांना झोपवण्याचे अनुभव लिहिले आणि वाचता वाचता ते आम्हालाही आले. (काका, रागावू नका. तुम्ही भेटलात की मी तुमचीच नक्कल करून दाखवते, तुम्हाला माहीत आहे.)

यंदा संपादक गोडबोले काकांचा लंडनजवळच्या पिनरहून फोन आला.

"अगं प्राजक्ता, अनुभवकथन तू लिही."

"काका, मी सत्तावीसची आहे. रिटायर व्हायला जरा वेळ आहे."

"ते असू दे. तू नक्की काय काम करतेस हे मला कुणाला सांगताच येत नाही. परवा एकांना म्हटलं, ती बास्केटबॉलमध्ये आहे. तर ते म्हणाले, ती? एवढीशी?"

तर त्या 'एवढीशी?'ला हे उत्तर. मी तासगावची. शाळा तिथलीच, आणि शाळेत माझा नंबर दोनच गोष्टींत यायचा, गणितात आणि हेडसरांची नक्कल करण्यात. दुसऱ्यात जास्त वरचा. पुढे सांगलीला स्टॅटिस्टिक्स, मग मँचेस्टरला मास्टर्स. सगळ्या मैत्रिणी बँकांत आणि हॉस्पिटलांत लागल्या. मी कॉव्हेंट्रीतल्या एका बास्केटबॉल क्लबात लागले. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या कोचला मराठी येत नसलं तरी त्याच्या फोनला येतं.

माझं काम असं. उंच उंच माणसं पळत येऊन बास्केटमध्ये चेंडू टाकतात, आणि मी बुटकी बाई बाजूला बसून ठरवते की तो टाकायला हवा होता का. चेंडू आत गेला की नाही ते बोर्डावर दिसतंच, त्याला माझी गरज नाही. मी बघते ती निवड. लग्नासारखंच की. स्थळ नीट बघून निवडलं होतं का, हा एक प्रश्न. संसार कसा झाला, हा वेगळा. उगाच पटकन हो म्हणून सोन्यासारखा नवरा मिळालेल्या बायका आहेत. पण म्हणून कुणी मुलीला सांगत नाही, डोळे मिटून हो म्हण.

आता पाच मिनिटं गणित. पळू नका. रिंगच्या खालून टाकलेले, समजा, दहातले सहा आत जातात. प्रत्येकाचे दोन गुण, म्हणजे बारा. लांबच्या गोल रेषेच्या बाहेरून टाकलेले दहातले चारच जातात, पण तिथे एकाचे तीन मिळतात, म्हणजे परत बारा. आणि या दोन्हीच्या मधली जी जागा, रेषेच्या जरा आत, तिथूनही दहातले चारच जातात आणि मिळतात फक्त दोन दोन. आठ! एक पाऊल मागे सरकला असतास तर बारा झाले असते ना बाबा. या मधल्या पट्ट्याला मी 'तळ्यात-मळ्यात' म्हणते. तिथून टाकणाऱ्याला माझ्या तक्त्यात लाल रंग.

अर्थात नुसती जागा बघून चालत नाही. समोरच्याचा हात तोंडावर होता का, बाजूला मोकळा साथीदार उभा होता का, हे सगळं व्हिडिओ थांबवून थांबवून टिपायचं. शनिवारी मॅच, रविवार-सोमवार मी आणि लॅपटॉप. बाहेर लिझर सेंटरमध्ये आज्ज्यांचं बॅडमिंटन चाललेलं असतं आणि आत मी एकाच माणसाचं कोपर पुढे-मागे, पुढे-मागे करत बसलेली.

खेळाडूंना हे तक्ते दाखवले की ते म्हणायचे, "नाइस कलर्स, प्राज." आणि चालले शॉवरला. महिनाभर हेच. एकदा मी वैतागून उठले आणि करूनच दाखवलं. आमचा जेडन, बाविशीचा, चेंडू मिळाला की आधी केस ठीक करतो, मग प्रेक्षकांत कुणी बघतंय का ते बघतो, मग टाकतो. ते मी केलं. पाच फुटांची मी, साडेसहा फुटांचा जेडन. चेंडू माझ्या हातात कलिंगडासारखा. अख्खी चेंजिंग रूम खाली लोळली. आणि पुढच्या मॅचला जेडनने केसांना हात लावला नाही! त्या दिवसापासून माझा रिपोर्ट म्हणजे नक्कल. तक्ता मागे भिंतीवर, समोर मी.

इथे एक सांगायला पाहिजे. या माणसांचं इंग्रजी मी तुम्हाला मराठीत सांगणार, तर प्रत्येकाला मी मनातल्या मनात एकेक गाव दिलंय. कोच मॅल मिडलंड्सचा, गळा खरखरीत, च्युइंगम कायम तोंडात. त्याला दिलं कोल्हापूर. जेडनला हिंजवडी. क्लबच्या चेअरमन हॅरिएट, बाथरूमच्या टाइल्सचा मोठा धंदा, बोलणं धडाधड. त्यांना नागपूर. आणि ग्लेन. ग्लेनला रत्नागिरी. हळू, नाकातून, आणि चिमटा काढला की दोन दिवसांनी दुखणारा.

ग्लेन टीममधला सगळ्यात जुना. छत्तिशीचा, गुडघ्याला कायम पट्टा. दिवसा एका शाळेत पी.ई., म्हणजे आपलं पी.टी., शिकवतो आणि संध्याकाळी आमच्याकडे खेळतो. मी नवीन होते तेव्हा हॉलमध्ये सगळ्यात आधी माझ्याशी तोच बोलला. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, माझ्या उंचीला येऊन.

"काय गो, तूच का ती पापं मोजणारी?"

"हो."

"मग माझ्यासाठी जरा मोठी वही घे."

खरंच मोठी लागली. ग्लेन तळ्यात-मळ्यातला राजा. रेषेच्या जरा आत, कुणीतरी अंगावर आलेलं, तोल मागे गेलेला, आणि तिथून हा टाकणार. माझ्या तक्त्यात त्याची जागा म्हणजे नुसता टोमॅटोचा मळा.

त्यात मॅलला सुचलं की तक्ता चेंजिंग रूमच्या दारावर लावायचा. पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत, नावांसकट.

मी म्हटलं, "मॅल, आमच्या शाळेत असा लावायचे. शेवटच्या पोराचे वडील सायकलवरून यायचे बघायला."

"मग बरंच की! लाज वाटंल, सुदारत्याल!"

लागला तक्ता. जेडन वर, ग्लेन तळाला. आणि खरंच टीम सुधारली की हो! आठवड्या-आठवड्याला लाल कमी, हिरवा जास्त. मॅल खूश, मी त्याहून खूश. फक्त ग्लेन दर आठवड्याला जास्तच लाल. सगळे सुधारतात आणि हा माणूस एकटा बिघडत चाललाय. आणि गंमत म्हणजे आम्ही जिंकत होतो तेवढेच जिंकत होतो. एक मॅच जास्त नाही. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण मी हिरवा बघण्यात दंग.

ग्लेनची नक्कल माझी सगळ्यात हिट. ती अशी करायची: आधी लांब सुस्कारा. मग मान वर करून रिंगच्या वरच्या घड्याळाकडे बघायचं, देवळातल्या घंटेकडे बघतात तसं. मग खांदे पाडून, मागे झुकून, टाकायचा. लोक रडेपर्यंत हसायचे. ग्लेन सगळ्यात जास्त.

या नकलांच्या नादात एकदा माझी नोकरीच जायची होती. मँचेस्टरला मॅच होती. मी बाकावर, मॅलच्या मागे. मला मॅलचा आवाजही येतो, आणि बेन नावाचा आमचा खेळाडू आपल्याच बास्केटखाली चेंडू घेऊन नाचत होता. माझ्या तोंडून मॅलच्या आवाजात गेलं, "पास!" बिचाऱ्याने आज्ञा पाळली. दिसेल त्याला दिला. दिसला तो समोरच्या टीमचा. दोन गुण गेले. मॅल सावकाश मागे वळला.

"आता जे बोललो, ते म्या बोललो का तू?"

"तू. थोडं मी."

तेव्हापासून मॅचच्या वेळी मी प्रेक्षकांत, तिसऱ्या रांगेत बसते. करारातच लिहिलंय.

तर फेब्रुवारीत मॅलने मला बोलावलं. पुढच्या सीझनला कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, याची मीटिंग होती. एका माणसाचे पैसे कमी पडत होते आणि हॅरिएटनी तक्ता मागितला होता.

"तळाला कोन हाय ते तुला म्हाईत हाय," मॅल म्हणाला. च्युइंगम थांबलं होतं. मॅलचं च्युइंगम थांबतं तेव्हा गोष्ट सीरियस असते. "ग्लेनचा रिपोर्ट लिही. खरा लिही. मी त्याला काढू शकत न्हाई, त्यो माझा दोस्त हाय. म्हनून तू लिही."

म्हणजे बघा. फाशी द्यायची आणि दोर मी वळायचा. मी त्या आठवड्यात दहा वेळा लिहायला बसले. आकडे तर सरळ होते. तळ्यात-मळ्यात, अंगावर माणूस, आत जात नाही. लिहून मोकळं व्हायचं एवढंच बाकी होतं. तेवढंच होईना. 'रत्नागिरी' शाळेतून येताना माझ्यासाठी मुलांनी केलेले जळके केक आणायचा हो.

शनिवार रिकामा होता, म्हणून मी पिनरला गेले. गोडबोले काकूंचं हळदीकुंकू. कॉव्हेंट्रीहून ट्रेन, मग मेट्रोपॉलिटन लाइन, हातात तिळाच्या वड्यांचा डबा, डोक्यात ग्लेन. काकूंनी बटाटेवडे केले होते. वीसेक बायका होत्या. वडे भराभर संपले आणि मधल्या टेबलावर ताटलीत एक उरला.

तुम्हाला माहीत आहे पुढे काय होतं. आपल्यात तो एक वडा म्हणजे निखारा. काकूंनी ताटली उचलली.

"घे गं शेवटचा."

"नको हो, झालं माझं. यांना द्या."

"मला? अगोबाई, मी तीन खाल्लेत. तिला दे, ती लांबून आलीय."

ती म्हणजे मी. मला हवा होता. देवाशप्पथ हवा होता. पण मी काय म्हटलं? "नको काकू, पोट भरलंय." ताटली पुढे सरकली. एकीने अर्धा मोडून घेतला आणि अर्धा ठेवला. दुसरीने त्या अर्ध्याचा अर्धा घेतला. पाव वडा! नखाएवढा! तरी ताटली फिरतेच आहे. वडा थंड, चिवट, चटणी केव्हाच संपलेली. ज्याच्यावर गरम असताना वीस हात पडले होते, त्याला आता कुणी वाली नाही.

ताटली आली एस्थर मावशींसमोर. एस्थर मावशी म्हणजे आपल्याकडच्या बेने इस्रायल ज्यू, मूळच्या भायखळ्याच्या. पंचाहत्तरी गाठलीय. घरात मुलं-नातवंडं सगळी इंग्रजी, म्हणून मराठी बोलायला आमच्यात येतात आणि आल्या की व्याजासकट बोलून घेतात.

"आणा इकडे तो," मावशी म्हणाल्या. "किती फिरवताय त्याला, चक्कर येईल. मी घेते वाईटपणा."

आणि खाल्ला. चिवट झालेला, चटणीशिवाय.

माझ्या शेजारच्या ताई हळूच माझ्या कानात म्हणाल्या, "या वयात किती खातात नाही मावशी?"

मी हसले. आणि मग हसताना माझी मान आपोआप वर गेली. सुस्कारा, मान वर, घड्याळाकडे. ग्लेनची नक्कल. ती मी इतकी केलीय की अंगात येते. पण या वेळी माझं मलाच ऐकू आलं: अगं बये, घड्याळाकडे का बघतो तो?

बास्केटबॉलमध्ये चेंडू मिळाल्यापासून चोवीस सेकंदांत टीमला तो टाकावाच लागतो. नाही टाकला तर चेंडू समोरच्याचा. ते सेकंद रिंगच्या वर उलटे पळत असतात. टाकायच्या आधी सगळे रिंगकडे बघतात. ग्लेन एकटाच घड्याळाकडे बघतो. मी कितीतरी महिने त्यावर लोकांना हसवलं आणि एकदाही विचारलं नाही, का.

काकूंच्या हॉलमध्ये, कोपऱ्यात, पैठणीच्या गर्दीत मी लॅपटॉप उघडला. कुणीतरी म्हणालं, "बघा, आजकालच्या मुली!" मी मॅच लावली. जेडनकडे चेंडू. जेडन मोकळा नाही. टाकला आणि हुकला तर तक्त्यावर लाल. जेडनने बेनला दिला. बेनलाही नको. बेनने परत जेडनला. घड्याळ पळतंय. वडा गार होतोय. तीन सेकंद राहिले आणि जेडनने ग्लेनला दिला. ग्लेनने सुस्कारा सोडला, वर बघितलं, टाकला. हुकला. लाल. ग्लेनच्या नावावर.

दुसरा बघितला. तसाच. तिसरा. तसाच! "तुम्ही घ्या," "नको, तुम्ही घ्या," "अर्धा घेते," आणि शेवटी ग्लेन. टीम सुधारली नव्हतीच. दारावर तक्ता लागल्यापासून सगळे शिकले होते ते फक्त 'नको, पोट भरलंय' म्हणायला. सगळ्यांचा लाल गोळा करून ग्लेनच्या पानात वाढला जात होता आणि मी वरून म्हणत होते, किती खातो हा माणूस!

मी इतक्या जोरात "मावशीऽऽ!" ओरडले की एस्थर मावशींच्या हातून वाण सांडलं.

"काय गं, काय झालं?"

"मावशी, तुम्ही ग्लेन आहात!"

"बरं," मावशी म्हणाल्या. "चांगला आहे का तो?"

पुढचे दिवस मी सगळ्या मॅच परत बघितल्या. या वेळी एक गोष्ट नवीन टिपली: चेंडू हातात आला तेव्हा घड्याळात किती उरले होते. मग कुणाचाही शॉट त्याच्यासारख्याच शॉटशी तोलायचा. गरम वडा गरम वड्याशी, गार वडा गार वड्याशी. तसं केलं आणि तक्त्याचे रंगच बदलले. ग्लेन तळातून उठला आणि मधोमध येऊन बसला. हीरो नाही झाला, खोटं कशाला बोलू. पण पापी तर मुळीच नाही.

आता हे क्लबच्या कारभारी बोर्डाला सांगायचं कसं? तक्ता दाखवला तर "नाइस कलर्स". म्हणून मी मीटिंगला वडे नेले.

मीटिंग लिझर सेंटरच्या वरच्या खोलीत. हॅरिएट, मॅल, आणि हिशेब बघणारे दोन सद्गृहस्थ, एक जाडे आणि एक बारीक. मी पाच वडे केले होते. माणसं पाच, म्हणून पाच. पण माझा मी आधी ट्रेमधून उचलला नाही. आधी सगळ्यांना दिले. वडा कुणाला नको होतो? तिखट लागून बारीक गृहस्थ लाल झाले, तरी चाटूनपुसून खाल्ला. ताटलीत एक उरला. मी तो मधोमध ठेवला आणि म्हटलं, "माझं पोट भरलंय. प्लीज, कुणीतरी घ्या."

आणि मंडळी, मी गप्प बसले. पुढचं इंग्रजांनी केलं. हे करण्यात इंग्रज आपले सख्खे भाऊ आहेत!

"ओह, नो, आफ्टर यू," जाडे म्हणाले.

"नो नो, आय कुडन्ट पॉसिब्ली," बारीक म्हणाले. नजर वड्यावर.

ताटली मॅलकडे. मॅलने मान हलवली, हॅरिएटकडे सरकवली. हॅरिएटनी जाड्यांकडे. जाड्यांनी पेपर नाइफने अर्धा केला. खरंच! कॉव्हेंट्रीत! अर्धा घेतला, अर्धा ठेवला. मला हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी. ताटली परत फिरून हॅरिएटसमोर आली तेव्हा हॅरिएट भडकल्या. (नागपूर चालू.)

"काय करून राहिले बे तुम्ही सगळे? अर्ध्या वड्यासाठी दिवस काढता का? आण इकडे!" आणि टाकला तोंडात.

मी म्हटलं, "हॅरिएट, माझ्या तक्त्यात आता तुमचं नाव तळाला. सगळ्यात हावरट माणूस. गार वडा, तोही उष्टा. वाईट निवड. पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायचं की नाही यावर विचार करावा लागेल."

मॅलचं च्युइंगम थांबलं. मला वाटलं, गेली नोकरी. परत तासगाव, परत बेदाणे.

मग मी उठले आणि करून दाखवलं. जेडन झाले, केसांना हात, नको. बेन झाले, नको. परत जेडन, नको. आणि मग ग्लेन. सुस्कारा. मान वर. या वेळी कुणी हसलं नाही. मॅल खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

"आयला," तो म्हणाला. "ह्ये तर रोजच व्हतंय की. आन् मी बघतोय काय तर दारावरचा कागद."

हॅरिएटनी रुमालाने हात पुसले. "ठीक आहे. नाटक झालं. आता मला सरळ सांग. दुसऱ्या कोणी ते शेवटचे शॉट टाकले असते तर ग्लेनपेक्षा चांगले गेले असते काय?"

धंदेवाल्या बाईचा प्रश्न. इथे मला मोठं काहीतरी फेकायचा फार मोह झाला. पण आकड्याशी बेइमानी केली तर मग मी नुसतीच नकलाकार.

"नाही. इतरांपेक्षा त्याचे थोडे जास्तच जातात. थोडेच. आणि मोजायला शॉट कमी आहेत, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पण त्याच्यामुळे टीम बुडत नाही, हे छातीठोक सांगते."

हॅरिएटनी मॅलकडे बघितलं, मॅलने छताकडे. बारीक गृहस्थांनी विचारलं, अजून वडे आहेत का. नव्हते.

"ग्लेन राहील," हॅरिएट म्हणाल्या. "पैशाचं मी पाहते. आणि तो तक्ता दारावरून काढ."

मॅल खाली गेला आणि त्याने तो स्वतः फाडला. अर्धा फाडला, आणि अर्धा माझ्याकडे दिला. "घे, तू घे," म्हणाला. शिकला होता.

यानंतर आमच्या टीममध्ये 'वडा' हा अधिकृत शब्द झाला. सराव चाललेला असतो, चेंडू इकडून तिकडे फिरतोय, आणि मॅल कडेने ओरडतो, "ईट द वडा!" लिव्हरपूलच्या एका टीमने आमच्या खेळाडूंना विचारलं म्हणे, ही कुठली चाल? जेडनने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "बेसिकली, सीक्रेट आहे." आता जेडन अडला की स्वतः टाकतो. हुकतो, लाल होतो, आणि छाती फुगवून मला विचारतो, "किती सेकंदांचा वडा होता?" पास कमी झाले, सुस्कारे कमी झाले. ग्लेनच्या वाट्याला आता नीट, मोकळे, हिरवेगार शॉट येतात. किंवा येतच नाहीत. सगळेच आपापलं खातात ना. मी त्याचं नाव हिरव्यात बघून आठवडाभर नाचत होते.

तो मात्र सरावाच्या शेवटी एकटाच घड्याळाखाली उभा राहून तळ्यात-मळ्यातून टाकत बसायचा. मला वाटलं, गुडघ्याचा व्यायाम असेल.

सीझनची शेवटची मॅच. आमच्याच हॉलमध्ये, आज्ज्यांचं बॅडमिंटन कॅन्सल करून. आम्ही एका गुणाने मागे, चेंडू आमचा, वेळ जेमतेम. मॅलने टाइमआउट घेतला. मी तिसऱ्या रांगेत, पण बाकावरचं सगळं ऐकू येत होतं. अख्ख्या हॉललाच येत होतं, कारण भांडण चाललं होतं.

"मी टाकतो!" जेडन.

"तू गेल्या वेळी टाकलास, माझा वडा आहे!" बेन.

"ॲक्च्युअली मी मोकळा होईन..."

कुठे ते 'नको, पोट भरलंय' आणि कुठे हे! मॅल दोघांच्या मधे, च्युइंगम हवेत. तेवढ्यात मागून ग्लेन आत शिरला. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, बाकावर बसलेल्यांच्या उंचीला येऊन.

"मेल्यांनो," तो म्हणाला, "ताटली इकडे करा."

खेळ सुरू झाला. चेंडू ग्लेनकडे. जेडन उजवीकडे मोकळा होता, हे मी नंतर व्हिडिओत चार वेळा बघितलं, सपशेल मोकळा, हात वर करून नाचत होता. ग्लेनने दिला नाही. रेषेच्या जरा आत, एक पाय रेषेवर, अंगावर माणूस, तोल मागे. माझ्या तक्त्यात याहून वाईट जागा या हॉलमध्ये नाही. अन् हा बाबा घड्याळाकडे बघत उभा! सुस्कारा मात्र नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तो हसतोय.

टाकला. चेंडू रिंगवर बसला, फिरला, विचार केला, आणि आत पडला.

मी काय केलं ते सांगत नाही. एवढंच सांगते की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना मी नवीन चष्मा घेऊन दिला.

गर्दी ओसरल्यावर मी ग्लेनला गाठलं. बाकावर बसून पट्टा सोडत होता.

"ग्लेन, हे काय होतं? जेडन मोकळा होता! तिथून कुणी टाकतं? तुझ्यासाठी मी बोर्डासमोर नाटक केलं, तुझ्यावर जबरदस्तीने ढकलतात म्हणून रडले, आणि तू आज स्वतः मागून घेतलास?"

तो हसला. हळू, नाकातून.

"अगो, तू इतकी रंगात आली होतीस, तुला कसं सांगणार? मला कुणी जबरदस्ती केली नव्हती गो. मला तो आवडतो. बाकीचे सगळे शॉट डोक्याने टाकायचे. त्या शेवटच्याला कुणी काही विचारत नाही."

मी लॅपटॉप उघडला. हा शॉट लाल टिपायचा की हिरवा? बोट कितीतरी वेळ तसंच वर राहिलं. शेवटी नियमाप्रमाणे लालच टिपला. ग्लेनने वाकून स्वतः बघितला, आणि समाधानाने मान हलवली.

घरी जाताना बसमधून एस्थर मावशींना फोन लावला. सगळी मॅच आवाजांसकट करून दाखवली, कोल्हापूर, हिंजवडी, रत्नागिरी. बस ऐकत होती. मग विचारलं, "मावशी, त्या हळदीकुंकवाला तुम्ही वाईटपणा घेतलात ना, तो वडा..."

"वाईटपणा कसला गं?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या नको नको करत होतात, तेव्हा माझा जीव वर-खाली होत होता. म्हटलं, कुणी घेऊ नये म्हणजे मिळवली. गार वड्याचं कव्हर कसं चिवट होतं, मस्त लागतं." मग म्हणाल्या, "त्या तुझ्या ग्लेनला घेऊन ये एकदा. पण काकूंना सांग, शेवटचे दोन ठेवा. मी त्याला माझा देणार नाही."